साध्या वेशातले इंग्रजी वाक्प्रचार : नवशिक्यांनी कुठून सुरुवात करावी

इंग्रजी व्याकरणाच्या जवळपास प्रत्येक शालेय पुस्तकात मागे ‘इडियम्स अँड फ्रेझेस’ची यादी असते. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. ‘रेड लेटर डे’ म्हणजे संस्मरणीय दिवस. यादी पाठ करून मार्क मिळतात. पुढे नोकरीत लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाशी बोलायची वेळ येते, तेव्हा लक्षात येतं की हा गृहस्थ यातलं काहीच बोलत नाही. तो म्हणतो, ‘लेट्स सर्कल बॅक ऑन दिस’, ‘जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क’, ‘वी विल प्ले इट बाय इअर’. प्रत्येक शब्द ओळखीचा, तरी वाक्य डोक्यावरून जातं.

ज्यांना इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं लिहिता-बोलता येतं, पण मीटिंगमध्ये सगळे हसल्यावर अर्ध्या सेकंदाने हसावं लागतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हजार वाक्प्रचारांची यादी इथे नाही. तशा याद्या ढिगाने मिळतात आणि माझ्या मते त्यांचा फारसा उपयोग होत नाही. कोणते आधी शिकायचे, ते कसे टिपायचे आणि कोणते तोंडातून काढायचेच नाहीत, एवढंच इथे सांगायचं आहे.

पायरी १ : जे दिसत नाहीत ते आधी शिका

पोलिसांसारखेच वाक्प्रचारही दोन प्रकारचे असतात, गणवेशातले आणि साध्या वेशातले. ‘कॅट्स अँड डॉग्ज’ गणवेशात आहे. आकाशातून कुत्री-मांजरं पडत नाहीत, त्यामुळे इथे काहीतरी वेगळं म्हणायचंय हे कुणालाही कळतं. अर्थ माहीत नसला तरी आपण थांबतो, विचारतो, शोधतो. साध्या वेशातल्यांचा शब्दशः अर्थही अगदी लागतो, म्हणून आपण चुकलोय हेच आपल्याला कळत नाही. सुरुवात यांच्यापासून करा.

‘वी हॅड टू लेट हिम गो’ हे वाक्य घ्या. शब्दशः ‘आम्हाला त्याला जाऊ द्यावं लागलं’. प्रत्यक्षात त्याला नोकरीवरून काढलंय. तेच शब्द फोनवर, ‘आय विल लेट यू गो’, असे आले तर नोकरीला काही धोका नाही. समोरच्याला बोलणं संपवायचंय, आपण बाय म्हणून फोन ठेवायचा.

‘टेल मी अबाउट इट’ ऐकून नवा माणूस इमानदारीने सगळं सांगायला लागतो. त्याचा अर्थ ‘मला काय सांगतोस, मीही तेच भोगतोय’ असा आहे. ‘यू कॅन से दॅट अगेन’ म्हटल्यावर वाक्य पुन्हा म्हणायचं नसतं. ‘अगदी बरोबर बोललात’ एवढंच त्यात आहे. ‘आय हिअर यू’ म्हणजे तुमचं ऐकून घेतलं, मान्य केलं असं नाही. ‘यू माइट वॉन्ट टू टेक अनदर लुक’ ही सूचना वाटते, पण साहेबाने म्हटली तर तो हुकूम असतो आणि तुमच्या कामात चूक असते. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’नंतर आदर येत नाही, विरोध येतो. ‘हेड्स अप’मध्ये मान वर करायची नसते, ती आगाऊ सूचना आहे.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. लग्नाच्या बोलणीत ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला की कुणी ज्योतिषाकडे धावत नाही. स्थळाला नकार आलाय हे सगळ्यांना समजतं. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘या एकदा घरी’ यांचे खरे अर्थ आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाहीत. ते आपण ऐकून ऐकून शिकलो. इंग्रजीतलं ‘आय विल बेअर इट इन माइंड’ आपल्या ‘बघू’चंच भावंड आहे.

या जातीतला सगळ्यात वाईट शब्द म्हणजे ‘टेबल’. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे तो चर्चेला मांडणं. विधिमंडळाच्या बातम्यांत ‘कागदपत्रे पटलावर ठेवली’ असं आपण वाचतो, ते हेच. अमेरिकेत अर्थ बरोबर उलटा, प्रस्ताव बाजूला ठेवणं, तूर्त विषय बंद. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते ‘टेबल’ करू म्हणाले. अमेरिकनांना वाटलं, हे कपाटात टाकायला निघालेत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. हा किस्सा चर्चिल यांनी स्वतः आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलाय. तुमच्या मीटिंगमध्ये अमेरिकन असेल आणि हा शब्द आला, तर ‘म्हणजे आज चर्चा करायची की नंतर?’ असं सरळ विचारून घ्या.

ब्रिटिशांची दुसरी खोड म्हणजे कमी करून सांगणं. ‘नॉट बॅड’ म्हणजे चांगलं. ‘क्वाइट गुड’ अमेरिकन म्हणाला तर खूश व्हा. ब्रिटिश म्हणाला तर बहुतेक वेळा ते ‘बरं आहे’च्या जवळचं असतं, आवाजाच्या हेलावरून ओळखावं लागतं. ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणजे मोठी अडचण. याची किंमत कोरियन युद्धात मोजावी लागली असं नेहमी सांगितलं जातं. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीकाठी ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी सैन्याने प्रचंड हल्ला चढवला. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ब्रिटिश कानाला हा धोक्याचा इशारा होता. अमेरिकन कानाला ते ‘जरा अवघड आहे, पण चाललंय’ असं लागलं. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर वेढली गेली आणि तिचे बहुतेक जवान मारले गेले किंवा कैद झाले.

पायरी २ : अर्थ नको, प्रसंग टिपा

वहीत ‘कट कॉर्नर्स = कामात काटछाट करणे’ असं लिहून ठेवलं तर ते चार दिवसांत पुसलं जातं. शिवाय काटछाट चांगली की वाईट, हे त्यातून कळत नाही. ‘कट कॉर्नर्स’ ही नेहमी तक्रारच असते: खर्च किंवा वेळ वाचवायला काम कच्चं केलं. ‘कट कॉस्ट्स’ मात्र कौतुकानेही म्हणतात. हा फरक ओळीच्या उजव्या बाजूला लिहिलेल्या मराठी अर्थात मावत नाही.

म्हणून पूर्ण वाक्य लिहा. कोण बोललं, कुणाला, कशाबद्दल, आणि बोलताना सूर कसा होता, हे सगळं एका ओळीत टिपा. ‘टीम लीड, नव्या मुलाला, टेस्टिंग गाळल्याबद्दल, वैतागून.’ पुढच्या वेळी वाक्प्रचार आठवेल तो या वैतागासकट.

शब्दकोशात शोधताना एक सोपी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात वाक्प्रचार त्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली दिलेले असतात, ‘आयडीएम’ अशी खूण करून. म्हणजे ‘बार्क अप द राँग ट्री’ (भलत्याच दिशेने शोध घेणं) शोधायचा तर ‘बार्क’खाली पाहायचं. ‘अप’ आणि ‘द’ हे शब्द सोडून द्यायचे. त्यासोबत ‘इनफॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘ब्रिटिश’ अशी टिपण असते. ती अर्थाइतकीच महत्त्वाची, कारण तो वाक्प्रचार साहेबासमोर बोलावा की नाही ते तिच्यातून कळतं. हा कोश जन्माला आला तोच परक्यांसाठी. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, पुढे तो ऑक्सफर्डने घेतला. इंग्रजांसाठी लिहिलेल्या कोशापेक्षा आपल्याला तो जास्त उपयोगी पडतो तो यामुळेच. ऐकण्यासाठी ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’चा ‘द इंग्लिश वी स्पीक’ हा छोटा कार्यक्रम चांगला आहे. एका भागात एकच शब्दप्रयोग असतो, लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये ऐकून होतो.

पायरी ३ : वाक्प्रचार कोणत्या मैदानावरचा आहे ते ओळखा

सुटे सुटे पाठ करण्यापेक्षा गोत्राप्रमाणे लावले की ते झटपट लक्षात राहतात. मराठी म्हणी विहीर, बैल, शेत आणि चुलीभोवती फिरतात: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, कुंपणच शेत खातं. इंग्रजी वाक्प्रचारांचा फार मोठा भाग समुद्र, खेळ आणि बायबल यांतून आलाय. मैदान कळलं की अर्धा अर्थ आपोआप लागतो.

आपल्याला सगळ्यात सोपं मैदान क्रिकेटचं. ब्रिटिश ऑफिसातलं बरंच बोलणं तुम्हाला न शिकवताही येतं, फक्त धीर करून अंदाज बांधायचा. ‘आय वॉज स्टम्प्ड’ म्हणजे उत्तर सुचलं नाही, जणू क्रीजबाहेर सापडलो. ‘बोल्ड ओव्हर’ म्हणजे थक्क झालो. ‘ऑन द बॅक फूट’ म्हणजे बचावात गेलो. ‘ऑफ हर ओन बॅट’ म्हणजे कुणी न सांगता, स्वतःच्या हिमतीवर. ‘स्टिकी विकेट’ हल्लीच्या पोरांना कळणार नाही, कारण खेळपट्ट्या आता पावसात झाकल्या जातात. पूर्वी त्या उघड्याच असत. पाऊस पडून वर ऊन आलं की चेंडू वाटेल तसा उसळायचा आणि फलंदाजाची दैना उडायची. म्हणून ‘स्टिकी विकेट’वर असणं म्हणजे कठीण परिस्थितीत सापडणं. ‘हॅट-ट्रिक’मधली हॅट खरीच होती. १८५८ मध्ये शेफील्डच्या सामन्यात एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्यांना हॅट भेट दिली, असा इतिहास सांगतात.

‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ मात्र जपून. म्हातारपणी गेलेल्या माणसाबद्दल, सुखाने जगून गेला अशा अर्थाने ते म्हणतात. आपल्याकडे ‘पिकलं पान गळालं’ म्हणतात तसं. घरचे म्हणाले तर मान डोलवा. आपण होऊन म्हणू नका.

‘बाय क्लोज ऑफ प्ले’ म्हणजे दिवसाचं काम संपेपर्यंत. अमेरिकन त्याऐवजी ‘सीओबी’ (क्लोज ऑफ बिझनेस) किंवा ‘ईओडी’ (एंड ऑफ डे) लिहितात. इथे अर्थापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे २.३० आणि हिवाळ्यात ३.३०, कारण त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. कुणाच्या दिवसाचा शेवट, हे आधी विचारा.

अमेरिकनांचं मैदान बेसबॉलचं, आणि इथे आपण अडखळतो, कारण तो खेळ आपण पाहिलेला नसतो. त्याची थोडी तोंडओळख करून घेतली तर बरेच प्रश्न सुटतात. फलंदाज जिथे उभा राहतो ती जागा म्हणजे ‘प्लेट’. म्हणून ‘स्टेप अप टू द प्लेट’ म्हणजे पुढे होऊन जबाबदारी घेणं. धावपटूला वाटेतल्या प्रत्येक ‘बेस’ला स्पर्श करावा लागतो. ‘लेट्स टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ, खबरबात घेऊ. ‘बॉलपार्क’ म्हणजे बेसबॉलचं मैदान. ‘बॉलपार्क फिगर’ हा नेमका आकडा नसतो, साधारण त्या मैदानात पडेल असा असतो. तुम्ही तीन दशांश स्थळांपर्यंत हिशेब करून पाठवलात तर समोरचा वैतागेल. चेंडू वळून येतो तो ‘कर्व्हबॉल’, आपल्याकडे गुगली टाकली म्हणतो तो. पावसाने सामना थांबला तर प्रेक्षकांना पुढच्या सामन्याची चिठ्ठी मिळायची, ती ‘रेन चेक’. आता जेवायला बोलावल्यावर कुणी ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ म्हणालं तर ते ‘आज नको, पुन्हा कधीतरी’ असतं. अनेकदा ते ‘पुन्हा कधीतरी’ येतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

मुष्टियुद्धातले सोपे आहेत. ‘बिलो द बेल्ट’साठी मराठीत कमरेखालचा वार आहेच. ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानली. ‘ऑन द रोप्स’ म्हणजे पार टेकीला आला. पत्त्यांतला ‘ट्रम्प कार्ड’ म्हणजे आपला हुकमाचा एक्का. ‘पास द बक’ पोकरमधून आलाय. पत्ते वाटायची पाळी कुणाची हे दाखवायला ठेवलेली खूण म्हणजे ‘बक’, ती पुढे सरकवली की जबाबदारी दुसऱ्याची. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या टेबलावर ‘द बक स्टॉप्स हिअर’ अशी पाटी होती. जबाबदारी माझ्यापाशी संपते, पुढे ढकलणार नाही.

समुद्राचे वाक्प्रचार इतके मुरलेत की इंग्रजांनाही खारं पाणी जाणवत नाही. ‘लर्न द रोप्स’ म्हणजे शिडाच्या जहाजावरचे दोर शिकणं, पर्यायाने कामाची माहिती करून घेणं. नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात हे ऐकू येणारच. ‘टेकन अबॅक’ म्हणजे शिडात समोरून वारा भरून जहाज जागीच थबकलं, म्हणून माणूस अवाक झाला. ‘इन द डोल्ड्रम्स’मध्ये विषुववृत्ताजवळचा वारा नसलेला पट्टा आहे. तिथे जहाजं दिवसेंदिवस अडकून पडायची. धंदा मंदावला की आजही हेच म्हणतात.

बायबलमधून आलेल्यांपैकी ‘गो द एक्स्ट्रा माइल’ ऑफिसात रोज भेटतो. रोमन सैनिक वाटसरूला धरून आपलं ओझं एक मैल वाहायला लावू शकत. येशूचं सांगणं होतं की एक मैल सक्तीचा असेल तर त्याच्याबरोबर दोन चाला. हल्ली अप्रेझलच्या फॉर्मवर तो दुसरा मैल गृहीतच धरतात.

पायरी ४ : मराठीशी ताडून पाहा, पण सावध

नवीन वाक्प्रचार मिळाला की मराठीत काय म्हणतो ते शोधा. तीन प्रकार निघतील.

पहिला, दोन्हीकडे सारखे. ‘पोक युअर नोज’ म्हणजे नाक खुपसणं. ‘टर्न अप युअर नोज’ म्हणजे नाक मुरडणं. ‘सेट इन स्टोन’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काही तर इंग्रजीतूनच उचललेले आहेत: हिमनगाचं टोक, नक्राश्रू, लाल फीत. ज्या मुलखात हिमनग कुणी पाहिला नाही तिथे त्याचं टोक रोज वर्तमानपत्रात दिसतं. हे शिकायला कष्ट नाहीत.

दुसरा प्रकार, मराठीत थेट जोड नसलेले. ‘एलिफंट इन द रूम’: सगळ्यांना दिसतंय पण कुणी बोलत नाही असा प्रश्न. ‘प्ले इट बाय इअर’: आधी न ठरवता वेळ येईल तसं करणं. याचा कानाशी संबंध एवढाच की वादक समोर स्वरलिपी न ठेवता कानाने ऐकून वाजवतो. यांना ओढूनताणून मराठी जोड शोधू नका. चित्र डोळ्यापुढे आणा आणि पुढे चला.

तिसरा प्रकार घातक. अवयव तोच, कृती जवळपास तीच, अर्थ भलताच. ‘वॉश युअर हँड्स ऑफ इट’ म्हणजे ‘माझा संबंध नाही’ म्हणून अंग काढून घेणं. आपण ‘हात धुऊन मागे लागतो’ ते नेमकं याच्या उलट. ‘बाइट युअर टंग’ म्हणजे बोलायचं आलेलं गिळून गप्प राहणं. आपण जीभ चावतो ती बोलून गेल्यावर. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणं, त्यात राग नाही. मराठीत पाय ओढतात तेव्हा माणूस खाली पडतो. ‘गिव्ह हिम अ हँड’ म्हणजे त्याला मदत करा, इथपर्यंत ‘हात देणं’ जुळतं. पण सूत्रसंचालक ‘गिव्ह हिम अ बिग हँड’ म्हणाला तर टाळ्या वाजवायच्या असतात. या प्रकारासाठी वहीचं वेगळं पान ठेवा. मी तर म्हणेन, वेळ कमी असेल तर हेच एक पान लिहा.

उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे मराठी वाक्प्रचार मनात आहे आणि इंग्रजीत काय म्हणावं कळत नाही, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. त्यातलं इंग्रजी जुनं आहे, तसंच्या तसं वापरलंत तर व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातून आल्यासारखं वाटेल. पण आपल्या भाषेतले अर्थाचे बारकावे इंग्रजीत कसे उलगडायचे हे त्यात पाहावं.

पायरी ५ : साचा मोडू नका

‘तोंडाला पानं पुसली’ हे आपण ‘चेहऱ्याला पान पुसलं’ असं कधी म्हणत नाही. इंग्रजीतही तसंच आहे. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं, त्यातली बी एकटी सांडत नाही. ‘अ पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं काम, मध्ये ‘द’ घातलात तर तो खरा केकचा तुकडा होतो. ‘फेस द म्युझिक’ म्हणजे केल्याचे परिणाम भोगणं, त्यात ‘साँग’ चालत नाही. काळ तेवढा बदलतो: ‘वी कॉल्ड इट अ डे’ (काम तिथेच थांबवलं), ‘लेट्स कॉल इट अ डे’ (आता थांबू या). बाकी जसं ऐकलं तसंच ठेवायचं.

‘पुट’, ‘गेट’, ‘लुक’ यांच्यामागे लागणारे छोटे शब्दही याच पायरीवर येतात आणि खरं तर संख्येने हेच जास्त आहेत. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, ‘पुट थ्रू’ म्हणजे फोन जोडून देणं. ‘पुट डाउन’ माणसाबाबत असेल तर पाणउतारा, आजारी कुत्र्याबाबत असेल तर त्याला इंजेक्शन देऊन शांत करणं. असले घोटाळे आपल्या भाषेतही आहेत. ‘कळून चुकलं’मध्ये चूक कुठे असते? परक्याला ते समजावून पाहा, मग ‘पुट’वरचा राग कमी होईल. पुट सगळे एका दिवसात बसून शिकू नका, डोकं फिरतं. समोर येईल तसा एकेक, वाक्यासकट.

पायरी ६ : उत्पत्तीच्या गोष्टी चाखा, पण गिळू नका

वाक्प्रचारामागची गोष्ट लक्षात ठेवायला मदत करते, म्हणून लोक त्या शोधतात. आणि तिथेच थापा खपतात. १९९९ पासून ईमेलवर फिरणाऱ्या एका लांबलचक पत्रात म्हटलंय की जुन्या इंग्लंडात कुत्री-मांजरं गवताच्या छपरात राहायची आणि पावसात घसरून खाली पडायची, म्हणून ‘कॅट्स अँड डॉग्ज’. थाप आहे. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ म्हणजे चुकून जिवंत पुरलेल्याने शवपेटीतून घंटा वाजवली, हीसुद्धा थापच. घंटा मुष्टियुद्धातली, फेरी संपल्याची. ‘रूल ऑफ थंब’ म्हणजे अंगठ्याएवढ्या जाड काठीने बायकोला मारायची कायद्याने मुभा होती, असंही मोठ्या खात्रीने सांगतात. इंग्लंडात असा कायदा कधीच नव्हता. अंगठ्याने अंदाजे मोजायचं, एवढाच अर्थ सतराव्या शतकापासून छापील पुस्तकांत सापडतो. गोष्ट जितकी रंगीत, तितका संशय घ्यावा.

खऱ्यांपैकी एक मात्र आपल्या नाशिकजवळची. ब्रिटिश इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणतात. हे डूलॅली म्हणजे देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्महिने पडून राहायचे. काम नाही, उन्हाळा वर, मलेरिया सोबतीला. त्यातून ‘डूलॅली टॅप’ निघाला, त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आता तो शब्द वापरणाऱ्या कित्येक इंग्रजांना हे गाव नकाशावर आहे याचा पत्ताही नसतो.

पायरी ७ : आपण बोलतो ते बाहेर कळतं का?

काही शब्दप्रयोग आपल्याला शुद्ध इंग्रजी वाटतात, पण भारताबाहेर ते अडतात. ‘डू द नीडफुल’ आता बाहेर जुनाट वाटतं. ‘आउट ऑफ स्टेशन’ ऐकून परका माणूस रेल्वे स्टेशन शोधतो. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडलात, तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की समोरच्याला वाटतं तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. शंका विचारायची असेल तर ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, उत्तर देणं नव्हे. ‘प्रिपोन’ मला मनापासून आवडतो, फार तर्कशुद्ध शब्द आहे, भारतातल्या भारतात खुशाल वापरा. बाहेर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ किंवा ‘मूव्ह अप’ लिहिलेलं बरं.

पायरी ८ : बोलायला कधी लागायचं

घाई नको. समजणं आधी, वापरणं बऱ्याच नंतर. वाक्प्रचार न वापरल्याने कुणाचं इंग्रजी कच्चं ठरत नाही, चुकीच्या जागी वापरल्याने मात्र ठरतं. क्लायंटचे वडील गेल्याचं कळल्यावर ‘किक द बकेट’ लिहिणाऱ्याला शब्दकोश वाचवू शकत नाही. तिथे ‘पास्ड अवे’ हाच शब्द. ‘कॅट्स अँड डॉग्ज’ही सोडून द्या. खूप पाऊस असेल तर ‘इट्स पोअरिंग’ म्हणा, तेच लोक बोलतात.

सुरुवातीला थोडेच घ्या, ज्यात धोका नाही असे: ‘कीप मी इन द लूप’ (मला कळवत राहा), ‘वी आर ऑन द सेम पेज’ (आपलं एकमत आहे), ‘द बॉल इज इन देअर कोर्ट’ (आता पुढचं त्यांनी करायचं), ‘बॅक टू स्क्वेअर वन’ (पुन्हा पहिल्यापासून). एका ईमेलमध्ये एक पुरे. तीन घातलेत की पत्र नाटकी वाटतं. करार, तक्रार आणि पगाराच्या पत्रव्यवहारात तर एकही नको. एखादा वाक्प्रचार वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या प्रसंगी ऐकून झाला की तो तुमचा झाला असं समजा.

आणि मीटिंगमध्ये कळलं नाही तर? नुसती मान डोलवू नका. ‘सॉरी, आय डोन्ट नो दॅट एक्स्प्रेशन’ हे वाक्य सहज म्हणता येतं आणि बहुतेक लोक खुशीने समजावतात, कधी कधी सोबत गोष्टही सांगतात. सगळ्यांसमोर विचारणं अवघड वाटत असेल तर कॉल संपल्यावर लगेच दोन ओळींचा ईमेल टाका: माझ्या समजुतीप्रमाणे आपण हे काम आत्ता थांबवतोय आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पाहणार आहोत, बरोबर ना? वाक्यात तारीख, माणसाचं नाव आणि काम स्पष्ट लिहा. ‘सर्कल बॅक’चा, म्हणजे ‘या विषयावर नंतर परत येऊ’चा, अर्थ तुम्ही चुकीचा लावला असेल तर उत्तर तासाभरात येतं.